सात आठवडे आधी आलेल्या मुलीचा बाळंतविडा

सांगलीत मी घरच्या घरी शिवणकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको तर रोजचंच, पण अलीकडे बाळंतविड्यांची कामं जास्त येतात. त्यातल्या एका ऑर्डरीची ही हकिगत. ऑर्डर आली तशी पुरी झाली नाही. यादीतल्या निम्म्या वस्तू बदलल्या, एक नवी वाढली, एक उन्हाळ्यावर गेली. का, ते क्रमाने सांगते. शिवणाऱ्यांना मापं उपयोगी पडतील, आणि ज्यांना विडा न्यायचा आहे त्यांना शिंप्याकडे काय मागावं ते कळेल.

काय मागितलं होतं

गिऱ्हाईक म्हणजे बाळाची होणारी आत्या. चाळिशीतली, हौशी, दोन्ही हातांनी खर्च करणारी. भावाचं पहिलं मूल, वहिनी बाळंतपणाला माहेरी मिरजेत, तारीख जानेवारीच्या शेवटाची. यादी तिने वहीच्या पानावर लिहून आणली: सहा झबली, सहा टोपडी, डझनभर लंगोट, चार दुपटी, दोन लाळेरी, हातमोजे-पायमोजे, खणाची कुंची आणि एक गोधडी. कुंचीसाठी गुळेदगुड्डचा जांभळा खण आणला होता. तिला जरीचा काठ, पाठीवर गोंडे आणि कपाळावर सोनेरी मण्यांची ओळ हवी होती. गोधडी तिच्या आजीच्या, म्हणजे बाळाच्या पणजीच्या सुती नऊवारी लुगड्याची करायची होती. लुगडं तिने प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आणलं होतं.

एक अट मात्र होती. "काकू, कापड ठेवून घ्या, पण मूल हातात येईस्तोवर कात्री लावायची नाही. आईचं तसं सांगणं आहे."

ही अट मला नवीन नाही. पुष्कळ घरांत बाळ यायच्या आधी त्याचं काही शिवत नाहीत, आणि पाचवी होईपर्यंत अंगाला नवं कापड लावत नाहीत. कुणाच्या तरी जुन्या धोतराचं झबलं घालतात. नव्या मुली याला हसतात. मी हसत नाही. कोऱ्या कापडात खळ असते, ते कडक असतं आणि पहिल्या धुण्यात आटतं. जुन्या धोतरात यातलं काही उरलेलं नसतं. कात्रीचं म्हणाल तर त्याने माझं काही अडत नाही, कारण कापायच्या आधीची कामंच बरीच असतात. मलमल आणि केंब्रिक रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलं. सकाळी पाणी दुधाळ झालं होतं, ती खळ. मग बिनवासाच्या साबणाने गरम पाण्यात धुतलं, उन्हात वाळवलं, इस्त्री केली, पुन्हा मोजलं. मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर सहज गेले. मोठ्या माणसाच्या कपड्यात एवढं खपून जातं. वीतभर झबल्यात तेवढ्याने मुंढा, म्हणजे बाहीची गोलाई, काचतो.

या अटीमुळेच पुढे सगळं निभावलं. डिसेंबरच्या मध्यावर आत्याचा फोन आला तेव्हा कापड धुतलेलं होतं, पण कापलेलं नव्हतं.

मुलगी आधीच आली

तेहतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, म्हणजे पूर्ण दिवसांच्या सात आठवडे आधी. वजन १ किलो ६५० ग्रॅम. मिरजेतल्याच एका रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात ठेवलेली. श्वास ती स्वतः घेत होती, पण दूध ओढून प्यायची ताकद नव्हती, म्हणून नाकातून नळी. हाताला सलाईन, पायाला ऑक्सिजन मोजायची पट्टी. "आता विडा राहू दे काकू," आत्या म्हणाली. "घरी आली की बघू."

घरच्यांना असंच वाटतं. आनंदाचं सामान आत्ता न्यायचं कसं, हा संकोच असतो, आणि तो रास्तही आहे. पण मी तिला म्हटलं, कुंची-बिंची राहू दे, तू फक्त वॉर्डातल्या सिस्टरांना एवढं विचार, की या बाळाला कपडे घालता का, कसले घालता, आणि काय कमी पडतं. काही ठिकाणी रुग्णालयाचेच कपडे वापरतात, घरचं काही आत नेऊ देत नाहीत. तसं असेल तर विषय संपला.

तसं नव्हतं. सिस्टरांचं उत्तर आत्याने मला जसंच्या तसं पाठवलं. पहिले काही दिवस बाळ वॉर्मरखाली नुसत्या लंगोटावर राहील, मग आईच्या छातीशी धरायला देऊ. तेव्हा पुढून पूर्ण उघडणारी, बिनबाह्यांची झबली लागतील. टोपडी भरपूर हवीत, ती सारखी ओली होतात. बटण नको, टिचबटण नको, लेस नको. धुऊन, इस्त्री करून, वेगळ्या स्वच्छ पिशवीत आणा. बाजारात मिळतं ते सगळं या बाळांना मोठं होतं.

हे वाचून माझ्या डोक्यात ऑर्डर पार उलटी झाली. विडा नेणारीच्या डोळ्यांपुढे बारसं असतं. तो वापरणारे वेगळेच असतात: बाळ, रात्रपाळीची सिस्टर, टाके ओले असलेली आई, आणि कपडे धुणारी आजी. या चौघांच्या सोयीचं शिवायचं ठरवलं. आत्याने मोकळेपणाने मान्य केलं. मण्यांबद्दल मात्र तिने तेव्हा काही शब्द दिला नाही.

मापं

बाळाला टेप लावायला मी जाणार नव्हते आणि जाऊही दिलं नसतं. बाळाच्या कागदावरचे आकडे भावाने फोटो काढून पाठवले: लांबी ४३ सेंटिमीटर, डोक्याचा घेर साडेएकोणतीस. छाती लिहिलेली नव्हती, पण या वयात छाती डोक्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरने कमीच असते. साधारण सत्तावीस धरली, म्हणजे साडेदहा इंच.

माझ्याकडचा नवजाताचा कागदी नमुना पन्नास सेंटिमीटर लांबीच्या, चौतीसच्या डोक्याच्या बाळाचा आहे. अशा वेळी बाजूच्या शिलाईत इंचभर आत घ्यायचा मोह होतो. त्याने भागत नाही. बाजू आत गेली तरी गळा तेवढाच राहतो, झबलं खांद्यावरून घसरतं आणि दंडाशी अडकतं. नमुना नव्याने काढावा लागला. तयार झबल्याचा घेर चौदा इंच, उंची आठ, मुंढा साडेतीन, खांदा दीड. गळा पुढून व्ही, मागून अगदी उथळ. पुढची दोन्ही पानं एकमेकांवर दोन इंच चढतील इतकी रुंद ठेवली. बाळ बारीक असताना जास्त चढवायची, भरलं की कमी. त्यामुळे एकच झबलं महिनाभर पुरतं.

झबलं

कापडाबद्दल आधी. मलमल या बाळांना पातळ होते असं सांगणारे भेटतील. माझं मत उलट आहे. एकपदरी मलमल पातळ असते हे खरं, पण दुहेरी मलमल केंब्रिकपेक्षा मऊ आणि हवेशीर पडते. झबली दुहेरी मलमलीची केली, दुपट्यांना केंब्रिक ठेवलं. होजिअरी टोपड्यांसाठी. रंग पांढरा आणि फिका पिवळा, एवढेच. गडद रंगाचा दोष असा नाही, पण पांढऱ्यावर रक्ताचा किंवा ओकारीचा डाग लगेच दिसतो आणि सिस्टरला तो दिसायला हवा असतो.

शिलाई बाहेरच्या बाजूला घेतली. हे नीट सांगते, कारण आत्याने पहिलं झबलं हातात घेतलं आणि म्हणाली, "काकू, उलटं शिवलंत का?" उलटंच शिवलं होतं. लवकर आलेल्या बाळाची कातडी अगदी पातळ असते, आणि ते तासन्‌तास एकाच अंगावर पडून असतं. काखेतली किंवा बगलेची जाड शिलाई तिथे वळ उठवते. म्हणून मार्जिन बाहेर काढून, तिथेच दुमडून, त्यावर बारीक टीप मारून ते दाबून टाकलं. आतून कापड सपाट. ओव्हरलॉक मुद्दाम टाळला. त्याचा दोरा सुटला की लांब सुटतो, आणि सुटलेला दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊ शकतो. केस किंवा दोरा असा बोटाला आवळला की रक्त अडतं, बोट सुजतं, आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. डॉक्टरांना हा प्रकार चांगला माहीत आहे. हातमोजे मी त्याच कारणाने यादीतून वगळले. मोज्याच्या आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही.

सुई अकरा नंबरची, दोरा सुती, टाका बारीक. मलमलीला सोळाची सुई लावली तर प्रत्येक टाक्याला भोक दिसतं आणि दोन धुण्यांत तिथून कापड विरतं.

बटणाऐवजी बंद. बंद त्याच कापडाचे, चार इंचांचे, छातीच्या बाजूला एक जोडी आणि पोटाशी एक. गळ्याशी एकही नाही. चार इंच का, तर गाठ मारायला पुरतात आणि मानेभोवती फिरायला पुरत नाहीत. युरोपात लहान मुलांच्या कपड्यांना ईएन १४६८२ नावाचं मानक आहे. त्यात लहान वयाच्या मुलांच्या कपड्याला जोडलेल्या टोपीला आणि गळ्याला नाडी-दोरी लावायला मनाई आहे. आपल्याकडच्या टोपड्याला हनुवटीखाली बांधायचे वीतवीतभर बंद असतात, आणि ते कुणाला खटकत नाहीत. टिचबटणाचं कारण निराळं. छातीचा एक्स-रे काढायचा झाला तर धातू त्यात उमटतो, म्हणजे दर वेळी झबलं काढा. वॉर्मरखाली तो तापतोही.

सहापैकी चार झबली बिनबाह्यांची केली. उरलेल्या दोहोंना मॅग्यार बाही, म्हणजे अंगाबरोबरच अखंड कापलेली बाही, दिली, पण डावा खांदा शिवला नाही. तिथेही बंद. हाताला सलाईन असलं की बाहीतून हात घालायचा म्हणजे नळी, पट्टी, बाळाचं मनगट सगळ्यांची ओढाताण. खांदा उघडा असला की झबलं बाळाखाली पसरायचं, बाळ त्यावर ठेवायचं, वरून मिटायचं, झालं. हात उचलावा लागत नाही. ही दोन झबली सिस्टरांना सगळ्यात आवडली असं नंतर कळलं, आणि आणखी दोन तशीच मागवली गेली.

टोपडं

बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं, त्यामुळे उघड्या डोक्यातून बरीच ऊब जाते. लवकर आलेल्या बाळाकडे अंगावर चरबीही नसते. आणि हेच डोकं दर आठवड्याला अर्धा ते एक सेंटिमीटर वाढतं. मापात बसवलेलं मलमलीचं टोपडं पंधरा दिवसांत काचायला लागलं असतं.

म्हणून होजिअरीचं नळकांडं. घेर सत्तावीस, म्हणजे डोक्यापेक्षा अडीच सेंटिमीटर कमी, ताणून बसणारं. उंची भरपूर ठेवून खाली दीड इंचाची दुमड बाहेर. डोकं वाढलं की दुमड उलगडायची. वर गोळा करून गाठ न मारता चार पाकळ्या करून सपाट शिवलं, कारण बाळ डोकं टेकून झोपतं आणि गाठ टाळूला टोचते. बंद नाहीत. सहाची आठ झाली, कारण दूध नाकातून-तोंडातून बाहेर आलं की पहिलं टोपडंच भिजतं.

टोपड्याचा एक वाद घरी आल्यावर झाला, तो इथेच सांगून टाकते. आजीला टोपडं चोवीस तास हवं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली सुरक्षित झोपेच्या सूचना नव्याने दिल्या, त्यात जन्मानंतरचे पहिले तास आणि अतिदक्षता विभाग सोडला तर घरात बाळाला टोपी घालू नये असं म्हटलंय. बाळाला घाम काढून फारसं थंड होता येत नाही, ते डोक्यातून थंड होतं. पण ही मुलगी कमी वजनाची, दिवस जानेवारीचे, आणि छातीशी धरण्याचं अजून चालू. आजी आणि सून दोघींनी आपापलं खरं न करता तिच्याच डॉक्टरांना विचारलं. त्यांनी कधी घालायचं आणि किती वजनानंतर सोडायचं ते सांगितलं. हे शिंपिणीने ठरवायचं काम नव्हे.

यादीत नसलेली वस्तू

कमी वजनाच्या बाळाला नुसत्या लंगोटावर आईच्या उघड्या छातीशी उभं धरायचं आणि वरून बांधायचं, याला कांगारू मातृसेवा म्हणतात. १९७८ साली कोलंबियाच्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली. कारण साधं होतं: वॉर्ड खच्चून भरलेला आणि काचपेट्या कमी. आता ती गरिबाघरची सोय राहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या शिफारशींत लवकर जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, दिवसाचे आठ ते चोवीस तास असं धरावं असं म्हटलंय.

वॉर्डात बांधायला आईची ओढणी वापरत होते. ती सारखी सैल व्हायची, आईचा एक हात बाळाखाली अडकलेला. संघटनेच्या जुन्या मार्गदर्शिकेत यासाठी साधारण मीटरभर चौरस मऊ कापड सांगितलंय, तिरकं दुमडून बांधायला. मी ते कागदावर मांडून बघितलं. मीटरभर चौरसाचा कर्ण एक मीटर एकेचाळीस. आईला पुरेल. पण इथे बाबाही बाळाला धरणार होता, आणि त्याची छाती एकशे पाच. मधे बाळ धरलं की गाठीला काही उरत नाही. कर्ण पावणेदोन मीटरचा हवा. तेवढा मोठा चौरस ४४ इंची पन्ह्यात बसत नाही, मधे जोड येतो.

आणखी एक अडचण होती. चौरस तिरका दुमडला की दुमडीची कड उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, येते. उरेब कापड ताणलं जातं. बांधताना घट्ट वाटतं आणि अर्ध्या तासात बाळाच्या वजनाने लोंबतं. ओढणी सैल पडत होती ती निसरडी म्हणून, हे मात्र त्याहून वाईट झालं असतं. तसंही कापड दुमडून त्रिकोणच करायचा आहे, तर मी सरळ दोन त्रिकोण कापून एकमेकांवर शिवले. त्रिकोणाची लांब बाजू कापडाच्या लांबीत, म्हणजे उभ्या धाग्यात. ती ताणत नाही. एक त्रिकोण सुलटा, शेजारी दुसरा उलटा असे मांडले की पावणेतीन मीटर मलमलीत दोन्ही बसतात आणि जोड कुठेच नाही. कडा आत घालून दुहेरी टीप.

हे बाळाला बांधायच्या आधी वॉर्डात दाखवलं. सिस्टरांनी स्वतः बांधून बघितलं, मान कुठे टेकते, नाक-तोंड मोकळं राहतं का, चेहरा एका बाजूला वळलेला दिसतो का ते तपासलं, मगच आईला शिकवलं. घरी कुणी असं काही शिवणार असेल तर ही पायरी गाळू नये. बाळाची हनुवटी छातीला टेकली की श्वास कोंडतो, आणि कपडा कितीही चांगला शिवला तरी तो बांधणाऱ्याला शिकवावंच लागतं.

सगळ्या विड्यात सर्वांत जास्त वापरलं गेलं ते हेच. कापडाची किंमत बघाल तर यादीत सगळ्यात स्वस्त.

लुगडं

पिशवी मी पहिल्या दिवशीच उघडली होती आणि वास नाकात गेला होता. लुगडं ट्रंकेत होतं आणि ट्रंकेत डांबरगोळ्या. तेव्हा वाटलं होतं, धुऊन वाळवून जाईल वास. मुलगी लवकर आली, तिसऱ्या दिवशी कावीळ म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवली, आणि मग लुगड्याला हात लावण्याचा प्रश्नच उरला नाही.

डांबरगोळी बहुधा नॅफ्थलीनची असते. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. अशा बाळाच्या अंगाशी डांबरगोळ्यांत ठेवलेलं कापड आलं तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू शकतात, कावीळ झपाट्याने चढते, आणि फार चढलेली कावीळ मेंदूला इजा करते. अंगाला तेल लावलेलं असेल तर नॅफ्थलीन कातडीतून आणखी सहज आत जातं. आता आपल्याकडची पद्धत आठवा. बाळाला तेलाने चोळायचं, न्हाऊ घालायचं, आणि ट्रंकेतून काढलेल्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळायचं. हेतू किती चांगला, आणि धोका नेमका तिथेच. दुसऱ्या जातीच्याही गोळ्या येतात, पण पांढरी गोळी बघून कुठली ते ओळखता येत नाही. माझ्याकडे बाळासाठी जुनं कापड येतं तेव्हा हल्ली मी ते उघडायच्या आधी विचारते, कशात ठेवलं होतं.

आत्याला हे पटायला जरा वेळ लागला. "आम्ही सगळे याच लुगड्यांत वाढलो की." वाढलो, खरंय. पण ज्या घरात एखादं मूल काविळीने गेलं, त्या घरात कुणी ट्रंकेचा संबंध लावला नसेल. शेवटी तिच्या आईने मार्ग काढला. आजोबांची दोन धोतरं होती, रोजच्या वापरातली, उघड्या फडताळातली. त्यांची चार दुपटी आणि सगळे लंगोट झाले. विकतच्या केंब्रिकपेक्षा मऊ. आणलेलं केंब्रिक परत दिलं.

लुगडं दोरीवर सावलीत टांगून ठेवलं, आठवड्याला धुवायचं, पुन्हा टांगायचं.

कुंची आणि मणी

मुलगी दोन किलोंच्या वर गेली, नळी निघाली, अंगावर पिऊ लागली, तेव्हा घरी सोडली. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं राहिलंच होतं, ते फेब्रुवारीत मोजक्या माणसांत केलं. त्याच्या आदल्या आठवड्यात आत्या खण घेऊन हजर. "आता कुंची."

कुंचीला माझी ना नव्हती. दहा मिनिटं घालायची, नाव ठेवायचं, फोटो काढायचे, उतरवायची. आत्याचा तेवढा हक्क आहे. पण जरीचा धागा आतून कातडीला लागता कामा नये, म्हणून अख्ख्या कुंचीला मलमलीचं अस्तर, आणि ते कडेवर दोन सूत, म्हणजे पाव इंच, बाहेर काढून पायपिंगसारखं दिसेल असं. हनुवटीखाली नाडी न लावता एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाणारी रुंद पट्टी, तिला आतून सैल टाक्यावर अडकवलेला एकच बंद. ओढला तर सुटतो. गोंडे पाठीच्या टोकाला, बाळाच्या हाताला न लागतील असे, ओवून न ठेवता मुळाशी शिवून टाकलेले.

मण्यांवर आमची जुंपली. तिने सराफकट्ट्यावरून खास बारीक मणी आणले होते. सुटलेला मणी बाळाच्या तोंडात जाणार, हे तिलाही कळत होतं, पण "घट्ट शिवा ना" हा तिचा एकच धोशा. मणी कितीही घट्ट शिवला तरी जरीशी घासून दोरा तुटतो. शेवटी हळदी रंगाच्या रेशमी दोऱ्याने गाठीचा टाका घालून कपाळावर ओळ भरली. सहा फुटांवरून मणीच वाटतात. जवळून बघणाऱ्या बायकांनी उलट त्याचंच कौतुक केलं, म्हणून आत्या माझ्यावर अर्धीच रागावली. आणलेले मणी तिने स्वतःच्या ब्लाऊजला लावून घेतले.

पैशाचं एक वाक्यात: ठरलेलीच रक्कम घेतली. लहान कपड्याला कापड कमी लागतं म्हणून स्वस्त पडेल असं गिऱ्हाइकाला वाटतं, पण साडेतीन इंचांच्या मुंढ्यात पायपिंग फिरवायला मोठ्या ब्लाऊजच्या दुप्पट वेळ जातो.

गोधडी

मे महिन्यात लुगडं नाकाला लावून बघितलं तर उन्हाचा आणि साबणाचा वास. तरी आधी घरच्यांना बालरोगतज्ज्ञांना विचारायला लावलं. मुलीची तपासणी झालेली होती, जी-सिक्स-पीडी व्यवस्थित होतं. मग कात्री लावली.

गोधडी पांघरायची नाही, हे आधीच ठरलं. अमेरिकेच्या त्याच सूचनांत पहिलं वर्षभर बाळ पाठीवर, टणक सपाट गादीवर झोपवा आणि जवळ सैल पांघरूण, गोधडी, उशी काही ठेवू नका असं आहे. ही जमिनीवर अंथरायची, बाळ जागं असताना पालथं टाकायला. म्हणून आत कापूस घातला नाही. नुसते लुगड्याचे चार पदर, चाळीस इंच चौरस. लुगड्याचे काठ कापून चारही बाजूंना लावले, मधे पदराचा तुकडा. आधी पदर हलू नयेत म्हणून हातभर अंतराने कच्चे धावदोरे. मग कडेपासून सुरुवात करून चौकोनात फिरत फिरत मध्याकडे आले, दोन ओळींत अर्धा इंच. मधून सुरुवात केली तर पदर बाहेर सरकतात आणि कोपरे वाकडे होतात. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायका त्यांच्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं लावतात. मला ती फार आवडतात, पण बाळ ती चोखतं, म्हणून कोपरे साधेच गोल केले.

आत्याला दोन ओळी स्वतः घालायच्या होत्या. टाके तिचे लांब-आखूड आले आहेत. मी ते उसवले नाहीत. मुलगी आता त्या गोधडीवर पालथी पडून मान वर करते आणि नेमका लुगड्याचा लाल काठ तोंडात घालायला बघते, म्हणून आजी गोधडी दर दोन दिवसांनी धुते. झबली केव्हाच आखूड झाली. उघड्या खांद्याची चारही, आत्याने धुऊन, इस्त्री करून त्याच वॉर्डात नेऊन दिली, आणि येताना सिस्टरांकडून आणखी तशाच सहांची ऑर्डर घेऊन आली. या वेळी गोंड्यांचा विषय निघाला नाही.